पत्र्याची कड

दांडा नळीत उतरला तो आवाजसुद्धा न करता, आणि नेमकं तेच खटकलं. सीटचा दांडा नळीत जाताना थोडा कुरकुरला पाहिजे, ग्रीस पुढे ढकलत, आढेवेढे घेत आत गेला पाहिजे. हा मात्र आगाऊ पाहुण्यासारखा थेट आत जाऊन बसला, आणि त्याच्याभोवती, एका बाजूला, नखाच्या कडेएवढी काळी फट राहिली. त्याने डोळा जवळ नेला. अर्धा मिलिमीटरही नसेल... पण आहे. आणि त्याला आनंद झाला, लाज वाटावी इतका.

बसत नाही. धाकट्या भावाने पाठवलेली वस्तू बसत नाही.

सायकल बाबांची. आयुष्यभर कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस, आता सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यापर्यंत सायकलवर जाऊन येतो, तेवढीच त्यांची मिजास. हल्ली खड्ड्यातून गेलं की कमरेत कळ यायची. त्याने सीटला फोमचा जाड थर लावून दिला होता, वरून रेक्झिन शिवलं होतं, शिलाई दिसू नये म्हणून आतून टाके घातले होते. बाबा त्यावर बसले आणि म्हणाले, ठीक आहे. मग कधीतरी फोनवर कमरेचा विषय निघाला आणि परदेशातून खोकं आलं. आत स्प्रिंग असलेला, धक्के गिळणारा, चकचकीत दांडा. बाबांनी तो शेजारच्यांना दाखवला, जिना चढणाऱ्या पोस्टमनला दाखवला, खोकंसुद्धा जपून कपाटावर ठेवलं. माप बघितलं होतंस का, असं त्याने धाकट्याला फोनवर विचारलं, तर तो हसला — अरे दादा, युनिव्हर्सल आहे, सगळ्यांना बसतो. सगळ्यांना बसतो! धाकटा स्वतःही तसाच. जाईल तिथे बसतो. मापं घेत राहायची ती मागे राहिलेल्यांनी.

त्याने क्लॅम्प आवळून पाहिला. आवळता आवळता क्लॅम्पचे दोन्ही कान एकमेकांना टेकले, पुढे आवळायला जागाच उरली नाही. वर बसला, तर सीट त्याला घेऊन हळूहळू खाली निघाली, लिफ्टसारखी. लिफ्टची देखभाल हेच त्याचं रोजचं काम, त्यामुळे सुटीच्या दिवशी घराच्या गॅलरीत लिफ्टमधून उतरताना त्याला हसू आलं. ते बाबा चहाचा कप घेऊन दाराशी येईपर्यंत टिकलं.

"नाही बसत," तो म्हणाला.

बाबांनी नळीच्या तोंडाकडे एकदा ओझरतं पाहिलं. "त्याने पाठवलंय म्हणजे बघूनच पाठवलं असणार," ते म्हणाले. "तुझंच काहीतरी चुकत असेल. नीट बघ."

आणि कप घेऊन आत गेले.

नीट बघ... लहानपणी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं, तेव्हा धाकट्याने ते स्टुलावर चढून उतरवलं, उघडलं, सगळी चाकं जमिनीवर मांडली आणि खेळायला पळून गेला. दुपार होती. बाबा पाळी संपवून येऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते आणि तो श्वास रोखून एकेक चाक परत बसवत होता, आवाज होऊ नये, बाबांची झोप मोडू नये, धाकट्याला मार बसू नये म्हणून. मध्येच मान वर केली की बाबांची पाठ दिसायची आणि चादरीबाहेर आलेला पाय. पायाचा अंगठा हलत होता, हे अजून आठवतं. का आठवतं कोण जाणे. घड्याळ चाललं. संध्याकाळी बाबा चाळभर सांगत फिरले, धाकट्याने घड्याळ दुरुस्त केलं, एवढंसं पोर, पण हात बघा. त्याने स्वतः तेव्हा खरं सांगितलं नाही. बाबांना कुठे माहीत आहे, असं म्हणाला स्वतःशी. बिचाऱ्यांना माहीत नाही, माहीत असतं तर म्हणाले असते की... त्या 'तर'वर अख्खं बालपण गेलं, नोकरी लागली, लग्न झालं, धाकटा परदेशी गेला, आई गेली, बाबांची दुखणी-खुपणी त्याच्याकडे आली आणि कौतुकाचे फोन तिकडे जात राहिले.

बायको कपडे वाळत घालायला गॅलरीत आली. तिने सायकल पाहिली, त्याचं तोंड पाहिलं.

"अहो, एकदा तोंडावर सांगून टाका ना, हे बसत नाही म्हणून," ती हलक्या आवाजात म्हणाली. "जुना दांडा घाला आणि मोकळे व्हा."

मोकळे व्हा म्हणे. जुना दांडा घातला असता तर बाबा महिनाभर गप्प राहिले असते, आणि बाबांचं गप्प राहणं घरभर ऐकू येतं. नवीन तसाच सैल ठेवावा, असंही मनात येऊन गेलं — कोपऱ्यावर पोचेपर्यंत सीट खाली जाईल, मग कळेल युनिव्हर्सल म्हणजे काय. पण म्हातारा माणूस, तोल गेला, पडला... तर तेही त्याच्याच माथी. तुझंच काहीतरी चुकलं असेल.

शेवटी त्याने कोल्ड्रिंकचा रिकामा डबा कापला. पत्रा सपाट केला, पट्टी काढली, दांड्याभोवती एक वेढा दिला; अजून सैल. दुसरा वेढा दिला. आता दांडा नळीत कुरकुरत, नखरे करत, अगदी हवा तसा गेला, आणि क्लॅम्प आवळल्यावर तो सगळा भार टाकून बसला तरी दांडा जागचा हलला नाही. पॅकिंग. त्याच्या हाताला हे काम येतं. कुणीही लक्ष देऊन पाहिलं तरी दिसणार नाही असं.

मात्र आज त्याने पट्टी जाणूनबुजून थोडी जास्त रुंद कापली होती. नळीच्या तोंडावर पत्र्याची चमकती कड बाहेर राहिली होती. एरवी त्याने ती कापून, घासून बेमालूम केली असती. आज ठेवली. बाबा विचारतील, हे काय रे? मग तो शांतपणे सांगणार होता: सैल होता, मी बसवला. बस, एवढंच. बाबांनी 'असं होय' म्हटलं तरी पुरे होतं, जास्त हाव नव्हती. मनातल्या मनात त्याने ते वाक्य दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं.

बाबा दुपारची झोप काढून उठले तेव्हा सायकल जिन्याखाली तयार होती. ते कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. येताना मुद्दाम खड्ड्यातून आले. उतरल्या उतरल्या त्यांनी खिशातून फोन काढला.

"बसला रे," ते फोनमध्ये म्हणाले. "अगदी मापात. कमरेला कळलंसुद्धा नाही. तुझी नजर चुकायची नाही."

तो सायकल धरून शेजारी उभा होता. फोन चालू असतानाच बाबांचा दुसरा हात सीटवरून खाली आला, दांड्यावरून फिरला, नळीच्या तोंडाशी थांबला. बोट कडेवरून एकदा गेलं, परत आलं. त्याचं वाक्य ओठांवर तयार होतं. बाबांनी फोन बंद केला, चष्म्यातून त्याच्याकडे पाहिलं — रागाने नाही, प्रेमाने नाही, कारखान्यात हाताखालच्या माणसाकडे बघत असतील तसं.

"पॅकिंगची कड तेवढी काप," ते म्हणाले. "दिसते."

आणि जिना चढून वर गेले.

पॅकिंग. हा शब्द आज घरात कुणी तोंडातून काढला नव्हता. सकाळी फटीकडे पाहिलं तेव्हाच त्यांना कळलं असणार. फिटरला कळायला कितीसा वेळ... आणि मग ती दुपार आली, भिंतीकडे वळलेली पाठ आणि चादरीबाहेरचा अंगठा, मंद, तालात हलणारा. झोपलेल्या माणसाचा अंगठा तसा हलत नाही.

म्हणजे तेव्हाही.

इतकी वर्षं त्याने बाबांना माफ केलं होतं ते एकाच गोष्टीवर — त्यांना माहीत नाही. आता ती माफी कुठे ठेवायची, आणि तिच्या जागी काय ठेवायचं, त्याला समजेना. वरून पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. त्याने खिशातून पातं काढलं आणि कड कापायला घेतली. हात सवयीने चालत होते, एकसारखे, बेमालूम, कुठे खरखर राहू न देता. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या हातांचा संताप आला.