पुढचे पाय आखूड

मी खुर्ची बोलतेय. आणि माझा एक तरी शब्द खरा मानून दाखव, लाव पैज! लाकडाला तोंड कुठून फुटलं म्हणशील. अरे, तुम्हा माणसांच्या बुडाखाली जन्म गेला माझा. शाळेत नाही गेले, पण कायदा ऐकून ऐकून मुरलाय अंगात.

कारकुनाची वाट बघत टेकलास, बरं केलंस. ही कोर्टाची मुद्देमालाची खोली. खटल्यात पुरावा म्हणून दाखवलेलं सामान इथे धूळ खातं. तो कोपऱ्यातला हातोडा दिसतोय ना, त्याच्याशी मी बोलत नाही. उर्मट आहे मेला.

पुढे घसरतोयस का रे? सावर. दोष तुझा नाही, माझे पुढचे दोन पाय बोटभर आखूड आहेत. सुताराने चांगली चारचौघींसारखी केली होती मला. पाय कापले ते साहेबाने.

साहेब म्हणजे केंद्राच्या तपास खात्यातला अधिकारी. अंगाने काटकुळा, आवाज कधी चढायचा नाही. मारहाण त्याला पटायची नाही. संशयिताला माझ्यावर बसवायचं, चहा द्यायचा आणि एकच गोष्ट विचारत राहायचं. पुढून, मागून, आडून. माणूस घसरायचा, सावरायचा, परत घसरायचा. कशामुळे ते त्यालाही कळायचं नाही. शेवटी मान टाकून म्हणायचा, "हो. मीच केलं." मग साहेब हाताखालच्या अधिकाऱ्याला शिकवायचा, "लक्षात ठेव, निर्दोष माणूस काही झालं तरी हो म्हणत नाही." मी आपली लाकडातल्या लाकडात फुगायचे. मधूनच करकन वाजून एखाद्याला दचकवायचे, तेवढीच गंमत.

मग साहेबाची बायको गेली. दुखणं लपवलं होतं माउलीने, आणि हा बाहेरगावी तपासावर. जगाचं पोटातलं ओठावर आणणारा माणूस, पण घरातलं त्याला कळलं नाही. पोरगी लहान. संध्याकाळी तिच्याजवळ असावं म्हणून त्याने नोकरी सोडली आणि वकिली धरली. निरोपाच्या दिवशी खात्याने विचारलं, काय देऊ? तर म्हणाला, ही खुर्ची द्या. घ्या आता!

स्वयंपाकघरात टेबलाशी माझी जागा. पोरगी दिवसभर माझ्यावर लोंबकळायची.

"बाबा, ही मला ढकलून देते."

"मग दुसरीवर बस."

"नको, मला हीच आवडते. खोडकर आहे."

पोर हुशार, बघ.

त्या सुमाराला साहेबाकडे एक केस आली. सरकारी गोदामाला आग लागून आत झोपलेला हमाल गेला होता. पहारेकऱ्याने कबुली दिलेली, साहेबाच्याच त्या शिष्यापुढे, आणि मग तीच दंडाधिकाऱ्यापुढे. आता म्हणत होता, मी नाही. जन्मठेप तोंडाशी आलेली. त्याची बायको आमच्याकडे येऊन रडायची.

"ताई, नवऱ्याला समजवा," साहेब म्हणायचा. "गुन्हा कबूल ठेवला तर शिक्षा कमी करून मागता येईल."

"अहो, पण त्यांनी केलंच नाही!"

"मग हो का म्हणाले?"

बाई पदराला डोळे पुसून उठायची.

अशात एका रविवारी कपाटातलं आईचं मनगटी घड्याळ दिसेना.

"मी नाही घेतलं," पोरगी म्हणाली.

"बस." बसली ती नेमकी माझ्यावर. साहेबाने दुधाचा पेला दिला. आवाज चढवला नाही. "शेवटचं कधी पाहिलंस? कपाट उघडं होतं की बंद? मैत्रिणीला दाखवलं होतंस ना? मग कुठे पडलं?" पुढून, मागून, आडून. आपण काय करतोय हे त्याचं त्यालाच उमगत नव्हतं. जित्याची खोड रे! पोरीचे पाय जमिनीला पुरत नव्हते. घसरत होती बापडी. दुधावर साय धरली.

"हो," म्हणाली. "मीच घेतलं. शाळेमागच्या विहिरीत पडलं."

साहेबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "खरं बोललीस. झालं."

पुढच्याच आठवड्यात घड्याळजीचा फोन. "वकीलसाहेब, बाईंच्या घड्याळाला पट्टा बसवून ठेवलाय. नेताय ना?" साहेब स्वतःच देऊन आला होता, केसच्या नादात पार विसरला.

पोरीपुढे फरशीवर बसला तो. "मग हो का म्हणालीस गं?"

"तू थांबतच नव्हतास, बाबा. हो म्हटल्यावर थांबलास."

"आणि विहीर?"

"कुठे पडलं, असं तूच विचारलंस. काहीतरी सांगायला नको?"

साहेब उठून माझ्यावर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घसरला. सावरला. परत घसरला.

खटल्याच्या दिवशी मला खांद्यावर घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढला. लोक फिदीफिदी हसले, "वकीलसाहेब, आत जागा नाही का?" साक्षीला उभा होता त्याचाच शिष्य.

"पहारेकऱ्याला कशावर बसवलं होतं?"

"खुर्चीवर."

"अशाच?"

माझ्याकडे बघून त्याचे कान लाल झाले. "हो, सर."

"तुमच्या त्या खुर्चीचे पाय कुणी कापले?"

"मी. कापायला तुम्हीच शिकवलंत, सर."

साहेब म्हणाला, "मोठ्याने सांगा. नोंद होऊ द्या." जन्मभर मिळवलेलं नाव माणसाने आपल्या हाताने मातीत घातलं, बाळा. मी पाहिलंय.

न्यायाधीशबाई खाली उतरल्या, माझ्यावर बसल्या आणि सरकारी वकिलाला म्हणाल्या, "हं, चालू द्या तुमचं." त्याने लांबलचक भाषण ठोकलं. बाई घसरताहेत, सावरताहेत. कबुली बाद झाली. दुसरा पुरावा नव्हताच. पहारेकरी बायकोचा हात धरून घरी गेला.

पण साहेबाच्या तोंडावर हसू नव्हतं. मला इथे जमा करायला आला तेव्हा पोरगी बरोबर होती. तिने विचारलं, "बाबा, हिच्यावर आधी कोण कोण बसलं होतं?"

आता तो तुरुंगातुरुंगात जाऊन माझ्यावर बसून हो म्हटलेल्या एकेकाला भेटतो म्हणे. कुणी भेटायला तयार होतो, कुणी तोंडावर थुंकतो. त्यातले खरे कोण, खोटे कोण, मला विचारशील तर नाही सांगता येणार. सगळे सारखेच घसरायचे रे.

माझं एवढंच मागणं, मला परत कुठल्या चौकशीच्या खोलीत नेऊ नका. त्यापेक्षा चुलीत घाला. निदान कुणाचं पाणी तरी तापेल.

काय रे, मान कशाला हलवतोस? हो म्हणू नकोस. माझ्यावर बसून म्हटलेलं हो आता कुणी धरत नाही. ऊठ. जा बघू.