अवधाण

"इथं दाबलं की?"

"दुखतं."

"आणि इथं?"

"नाना, तिथं तुम्ही कालपासून दाबताय म्हणून दुखतंय."

मनमोहनरावांनी हात मागे घेतला. गुरुदत्तच्या उजव्या जांघेत सुपारीएवढी गाठ होती. मल्लखांबावरून उतरताना त्याच्या पायाचा अंगठा फरशीवर आपटून फुटला होता, आणि पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे गिरगावात सर्वांना ठाऊक होतं. पण गाठीच्या तापाचं, प्लेगचं, ते दुसरं वर्ष होतं. त्या वर्षी ठाऊक असण्याचा कुणाला काही उपयोग होत नव्हता.

"अवधाणच आहे," गुरुदत्तची आई यशोदाबाई म्हणाल्या. "अंगठा केवढा पिकलाय बघा की."

"मी कुठं नाही म्हणतोय?"

"मग दार का लावून घेतलंत?"

मनमोहनरावांनी कडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली. मागच्या महिन्यात पलीकडच्या आळीतल्या एका बाईच्या गळ्याशी तपासणीवाल्यांना गाठ लागली. दुपारी गाडी आली. बाई इस्पितळात गेली, घरची माणसं छावणीत गेली आणि अंथरुणं रस्त्यावर जळली. बाई पुढे बरी झाली, असं पुष्कळ जण सांगत. तिला पाहिलेलं मात्र कुणी भेटत नसे.

मनमोहनराव गोदीच्या कचेरीत कारकून होते, आणि भिण्याचं काम ते कारकुनीइतक्याच नेटकेपणाने करीत. साहेब, ओला सदरा, रात्रीची काकडी, सगळ्यांना त्यांच्या मनात ठरलेली जागा होती. मुलाच्या कसरतीलाही होती. रक्त दंडात उतरलं की डोक्यात उरत नाही, असं त्यांच्या वडिलांचं मत असे. वडिलांचे दंड पाहता त्यांच्या डोक्यात रक्ताची मुळीच टंचाई नसावी. पण कसरत बंद केल्यापासून गुरुदत्त वर्गात एक तर चुळबुळ करी, नाही तर झोपे. पाढ्यांत सगळा वर्ग निमकीला लागला तरी तो पावकीतच बसला होता, तोही तिच्या मध्यावर.

तेव्हा शाळेतले कसरतीचे मास्तर कुशाबा आपण होऊन घरी आले. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"पोरगं बैल हाय व्हय रावसाहेब, दावणीला बांधून घालायला? आदी दमवा, मग बसवा. बसतंय का न्हाई बघा."

सहामाहीला गुरुदत्त वर्गात दुसरा आला. मनमोहनरावांनी कचेरीत पेढे वाटले, आणि मल्लखांबाचे बुद्धीवर होणारे परिणाम इतक्या बारकाईने समजावून दिले, की रोज पहाटे खांबावर स्वतः तेच चढत असावेत, असं एका नव्या उमेदवाराला वाटलं.

आज शाळेत डॉक्टर यायचा होता. हजर मुलांची अंगं तपासायची, गैरहजर मुलांच्या घरी शिपाई जायचे. म्हणजे मुलाला पाठवलं तरी भीती होती आणि ठेवलं तरी होती. अशा वेळी मनमोहनराव नेहमी दुसऱ्या कुणाला तरी विचारत. ते गुरुदत्तला घेऊन मागच्या बोळाने शाळेच्या अंगणात गेले.

कुशाबा खांबाला एरंडेल चोळत होते. त्यांनी गाठ पाहिली, अंगठा पाहिला.

"अवधान हाय."

"ते मलाही कळतं हो. डॉक्टरला कसं कळायचं?"

"त्याला सांगायचंच कशापायी? खांबावर चढवतो. त्या तापाच्या माणसाला उठून बसवत न्हाई, खांबावर काय चढतंय? सायेब खालनं बघंल आन् फुडं जाईल."

"आणि पडला तर?"

"खाली म्या हाय न्हवं."

मनमोहनरावांनी जन्मात पहिल्यांदाच इतक्या लवकर होकार दिला. बाहेर गाडीची चाकं वाजली होती.

डॉक्टर गोरा होता, बरोबर दोन सोल्जर आणि एक हवालदार. मुलं उघड्या अंगाने रांगेत उभी होती. हेडमास्तरांचं इंग्रजी सहीपुरतं असल्याने त्यांनी मनमोहनरावांचा कोट धरून त्यांना दुभाषी म्हणून पुढे केलं. डॉक्टर गळे, काखा, जांघा चाचपत खांबापाशी आला. गुरुदत्त टोकावर पोटाचा आधार घेऊन हातपाय पसरून आडवा तोलला होता. त्याचा ओठ दाताखाली होता. तो का, हे खालच्या दोघांनाच माहीत होतं.

डॉक्टरने टोपी मागे सारून वर पाहिलं आणि तो हसला. "उत्तम! या पोराला काय धाड भरलीय?" असं काहीसं इंग्रजीत म्हणून तो पुढे निघाला.

तिथेच संपायचं. पण डॉक्टर खूश झाला होता. शिकवणारा कोण, असं विचारून त्याने कुशाबांचा हात हातात घेतला, आणि मग तो सोडला नाही. पंजाला चिंधी बांधलेली होती. हात कढत होता. त्याने कुशाबांचा दंड वर केला आणि काखेत बोटं घातली.

हवालदार दोन पावलं मागे सरला.

"रावसाहेब," कुशाबा म्हणाले, "सांगा त्यास्नी. खिळा लागला हाताला. हाताला लागलं की काखंत अवधान येतंय, आन् पायाला लागलं की..."

ते थांबले. त्यांनी वर पाहिलं नाही, पण थांबले.

"काय म्हणतो हा?" डॉक्टरने विचारलं.

मनमोहनरावांचं इंग्रजी चांगलं होतं. जखम, सूज, गाठ, सगळ्याला त्यांच्याकडे शब्द होते. पण त्या शब्दांनी डॉक्टरची मान पुन्हा वर वळली असती. शिवाय कुशाबांचं अंग खरंच तापलेलं होतं. उन्हात कसरत करणाऱ्या कुणाचंही तापतं. आणि तसं नसेल तर? या माणसाचे हात रोज सकाळी गुरुदत्तच्या पाठीवर असत.

"प्रकृती ठीक आहे, असं म्हणतो," ते इंग्रजीत म्हणाले.

"सगळे हेच म्हणतात," डॉक्टर म्हणाला.

कुशाबांना इंग्रजी येत नव्हतं. पण ते बोलले होते लांबलचक आणि साहेबाला पोचलं एवढंसं, हे कळायला भाषा लागत नाही.

"ऱ्हाऊ द्या, रावसाहेब," ते म्हणाले. मग हवालदाराकडे वळले. "लंगोटावर न्हाई येत म्या."

त्यांना तेवढी मुभा मिळाली. त्यांनी बाराबंदी घातली, तिचे बंद नीट बांधले, मुंडासं गुंडाळलं. मुलांची रांग आपोआप दुभंगली आणि ते सोल्जरांच्या मधून चालत गेले. हेडमास्तरांनी नमस्कारासाठी हात जोडायला घेतले होते. ते त्यांनी तसेच एकमेकांवर चोळले.

अंगणात मनमोहनराव खांबाखाली एकटे उभे राहिले. भिंतीपलीकडे गाडीचं दार लागलं.

"नाना," वरून आवाज आला, "उतरू?"

"थांब. गेली का गाडी?"

"नाही अजून. मास्तर चढलेत." मग थोड्या वेळाने, "त्यांनी हात केला."

"कुणाला?"

"इकडेच."

चाकं वाजू लागली. मनमोहनरावांनी भिंतीकडे तोंड करून हात वर केला. भिंत त्यांच्यापेक्षा बरीच उंच होती.