मेट्रनबाईंनी लावलेली नावं

वॉर्डची मोठी सिस्टर जेवून आली, कॉम्प्युटरवर फाइल उघडली आणि मटकन खुर्चीत बसली. पुढच्या महिन्याच्या ड्यूटी चार्टमध्ये पहिले पावणेचार दिवस एकच सिस्टर सकाळ, दुपार, रात्र कामावर होती. एका पाळीला दोघी लागतात, तर जोडीलाही तीच. पुढचे पावणेचार दिवस दुसरीच्या नशिबी.

"फाइलला हात कोणी लावला?"

"मी," मेट्रनबाई दारातूनच म्हणाल्या. "नावं कशीही विखुरली होती. सकाळी अक्षरांप्रमाणे लावून दिली."

"फक्त नावं?"

"शेजारचे रकानेही हलवू का, असं विचारत होता कॉम्प्युटर. मी नको म्हटलं. तारखा कशाला हलवायच्या?"

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ जणींच्या पाळ्या बसवायला तिनं तीन आठवडे घालवले होते, एकेकीच्या मिनतवाऱ्या करून. त्यातच दहा ते तेरा तारखेची तिची स्वतःची रजा होती. लेकीचं पहिलं बाळंतपण. "आई, तू असशील ना?" लेक रोज विचारायची आणि ही रोज हो म्हणायची. चार्ट त्याच संध्याकाळी पाचपर्यंत ऑफिसात गेला नाही, तर रजा रद्द.

कॉम्प्युटरवाला आला तो हसतच. गेल्या महिन्यात वीज जाऊन सगळं काम बुडालं होतं, तेव्हापासून यानंच बंदोबस्त केला होता. "काही गेलेलं नाही, सिस्टर. दर मिनिटाला आपोआप सेव्ह होतं. दर तासाला बॅकअप."

"मग सकाळचा बॅकअप काढा."

त्यानं मान खाजवली. "तो जुन्यावरच नवा बसतो. जागा वाचते ना."

"म्हणजे सगळ्याची माती झाली, आणि ती माती तुम्ही तासातासाला जपून ठेवली!"

तो गेला. सिस्टर आठवणीवर कामाला लागली. कोणाची सासू डायलिसिसवर, कोणाच्या मुलीची परीक्षा, कोणाची कंबर धरलेली. सगळं तोंडपाठ होतं, म्हणून भराभर भरत गेलं. अडलं ते तिच्याच रजेपाशी. त्या चार रात्री कोणाला काय कबूल करून भरल्या होत्या, ते काही केल्या आठवेना. ज्यांना विचारलं, त्यांनी कानावर हात ठेवले. साडेचार वाजले आणि चार जागा रिकाम्याच. तिला रडू फुटायचं बाकी होतं.

मेट्रनबाई पुन्हा डोकावल्या. "स्वतःचं नाव टाका आणि मोकळ्या व्हा. बाळंतपणं काय, होतातच."

सिस्टर पुन्हा स्क्रीनकडे वळली. तिनं दहा तारखेच्या रात्रीसमोर लिहिलं, मेट्रनबाई. अकरा, मेट्रनबाई. बारा, तेरा, तेच. शेवटी त्याही नर्सच होत्या, इंजेक्शन कसं द्यायचं ते विसरल्या नसतील. मग तिनं चार्ट छापून सहीला नेला.

"नावं मीच लावलीत, आता काय बघायचं?" म्हणत मेट्रनबाईंनी न वाचताच सही ठोकली.

कागद ऑफिसात देऊन सिस्टर परत खुर्चीत येऊन बसली. पाचला बॅकअप निघाला, जुन्यावर नवा. तो पुरा होईपर्यंत ती हलली नाही. मग तिनं लेकीला फोन लावला.

"असणार गं मी," ती म्हणाली. "सही झालीय."