खरवसाचा डबा

कडीचा स्टीलचा डबा, झाकणावर धुवट फडक्याची गाठ… आणि तो धनश्रीच्या टेबलावर. आपल्या नव्हे. मच्छिंद्रने काउंटरच्या काचेतून पुन्हा पाहिलं, जणू दुसऱ्यांदा पाहिलं की डबा आपोआप इकडे सरकणार होता.

म्हैस व्याली की रंगुमावशींच्या घरचा खरवस पतसंस्थेच्या देवळाली प्रवरा शाखेत यायचा, आणि शाखेत म्हणजे मच्छिंद्रकडेच. मॅनेजरसुद्धा त्याने वाढला तेवढाच खायचे. दारोदार हिंडून रोजची बचत गोळा करायचं काम त्याचं होतं, तेव्हापासूनचं हे नातं. आता ती फेरी धनश्रीकडे. त्याला बढती, पंख्याखालची खुर्ची. बढती कसली डोंबलाची!

आणि हिला शिकवलं कोणी? आपणच ना—वस्तीवस्तीवर मोटारसायकलच्या मागे बसवून… आधी गोठ्याकडे बघायचं, मग पैशाचं बोलायचं, जनावराची नावानिशी चौकशी करायची. गिऱ्हाईक जपायचं म्हणजे हेच, पोरी. पोरगी गुमान मान डोलवत होती. आणि आता रंगुमावशी तिच्यासमोर बसून, गुडघा चोळत, तोंडाला पदर लावून हसतायत. आपल्यासमोर कधी अशा हसल्या होत्या? हसल्या असतील… मग आठवत कसं नाही? चाळिशी उलटलेल्या माणसाने डब्यापायी जळावं, याची लाज वाटत होती ती वेगळीच.

राहवेना. तो उठला, बाहेर आला आणि ठेवणीतला आवाज काढला—

"काय रंगुमावशी, चंद्री व्याली वाटतं!"

मावशींचं हसू थांबलं. धनश्रीने मान खाली घातली.

"चंद्री कुठली आता, दादा? पाय अधू झाला तिचा. इकली की घोडेगावच्या बाजारात, लई दिस झालं. ते पैसे भराया आले तवा तुमालाच तर सांगितलं हुतं. रडत हुते मी."

"मग मी… काय म्हणालो?"

"बरं झालं म्हनला. सही करा हितं, म्हनला." मावशी रागावल्या नव्हत्या. "असू द्या. गडबडीत हुता तुमी."

रडणारी बाई त्याला आठवेना. आठवली ती सही—चौकोनाबाहेर गेलेली, वाकडी, आणि तिच्यावरची आपली चिडचिड. पण त्यानंतरही आपण विचारत होतोच की… अगदी मागल्या महिन्यात, काचेमागून, मान वर न करता: चंद्री बरी ना, मावशी? आणि त्या म्हणाल्या होत्या, "हाय की बरी." म्हणजे इतके दिवस त्याच… त्याच आपलं मन जपत होत्या.

मावशी गेल्या. धनश्रीने डब्याच्या झाकणात खरवसाची वडी ठेवून ते त्याच्यापुढे केलं. "सर, घ्या ना." तिच्या आवाजात जिंकल्याचं काहीच नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं. वडी मऊ होती, वेलदोड्याची, नेहमीसारखीच. नव्या म्हशीचं नाव काय ठेवलं असेल? त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं—बहुधा पहिल्यांदाच. आणि ते आता धनश्रीलाच विचारावं लागणार होतं. ती फडक्याची घडी घालत होती. तो रिकामं झाकण हातात धरून तिच्यासमोर तसाच उभा राहिला.