घंटा वाजते तोवर दार उघडे

मित्रांनो, माझ्याकडे नीट पाहा. मी एक जुनी पितळी घंटा आहे. माझ्या दांड्यावरच्या गरुडाचे नाक घासून सपाट झाले आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. त्याबद्दल मी खोटा विनय करणार नाही.

नाशिकच्या एका ओताऱ्याने मला साच्यातून काढले आणि पहिल्यांदा वाजवून म्हटले, "ही कीर्तनाला जाणार." तसेच झाले. प्रभाताई नावाच्या कीर्तनकार बाईंनी मला विकत घेतले. पूर्वरंग झाला, आख्यान रंगले, डोळे पुसून झाले की शेवटच्या आरतीला माझा मान. पंचवीस वर्षे मी अशी देवाच्या आणि माणसांच्या मधोमध वाजले.

१९९९ साली प्रभाताईंची सून सुमेधा सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आयर्लंडला निघाली. तेव्हा ताईंनी मला तिच्या बॅगेत घातले. डून लेरी या गावातल्या तिच्या घरात पहिली वर्षे मजेत गेली. मग कामाची धावपळ वाढली आणि मी 'प्रेस'मध्ये गेले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळेखाली मी चार वर्षे पडून होते. मला कुणी फेकले नाही, पण आठवलेही नाही. तेच जास्त लागते.

२००७ च्या जूनमध्ये प्रभाताई सुनेकडे आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "घंटा कुठंय गं?" चिंच लावून मला घासले आणि टीव्हीशेजारी ठेवले. त्याच आठवड्यात टीव्हीवर डॉल दिसत होते. डॉल म्हणजे इथली लोकसभा. निवडणुकीनंतर पंतप्रधान निवडला गेला होता, आणि त्याने आपल्या मंत्र्यांची यादी सभागृहापुढे ठेवली होती.

"आता एकेकावर मत घेणार का?" ताईंनी विचारले.

"नाही आई," सुमेधा म्हणाली. "एकेकावर हवं तेवढं बोलायचं, टीका करायची. मत मात्र सगळ्या यादीवर एकच. हो तर सगळ्यांना हो, नाही तर सगळ्यांना नाही."

तेवढ्यात मतदानासाठी सभासदांना बोलावणारी घंटा घणघणली. ती थांबली की थोड्या वेळाने दारे बंद होतात, असे सुमेधाने सांगितले. ताई माझ्याकडे बघून हसल्या, "ऐकलंस? तुझी जाऊबाई तिथं राज्य करतेय!" मित्रांनो, त्या क्षणी मी उंचीने दोन बोटे वाढले.

जुलैत आमच्या मराठी मंडळाची सभा झाली. सुमेधा नवी अध्यक्ष झाली होती, आणि ताई मला घेऊन तिच्याशेजारी बसल्या होत्या. दरवर्षी कार्यकारिणीच्या एकेका नावावर हात वर व्हायचे, आणि ज्याला कमी हात पडत तो दिवाळीपर्यंत कुणाशी बोलत नसे. सुमेधाने सांगितले, "यंदा डॉलसारखं. माझी आठ नावं, एकच मत. घंटा वाजते तोवर दार उघडं, मग बंद."

सातव्या नावावर खुर्च्या करकरल्या. ते नाव होते हरीशचे. तो पोर्टलीशकडच्या एका इस्पितळात डॉक्टर. गेल्या वर्षी गणपतीची मूर्ती आणायची जबाबदारी त्याची होती. चतुर्थीच्या सकाळी त्याला एका अडलेल्या बाळंतिणीसाठी धावावे लागले. गाडी इस्पितळाच्या आवारात, मूर्ती तिच्या डिकीत आणि किल्ली त्याच्या खिशात राहिली. यंदाही सुमेधाने मूर्तीचे काम त्यालाच दिले होते.

संजीव उठला. "दोनशे माणसं रिकाम्या चौरंगाला ओवाळत होती! माझी रेवा विचारते, बाबा, बाप्पा इनव्हिजिबल आहे का? हरीशचं नाव वेगळं काढा. बाकीच्यांना माझा हात आहे."

अर्ध्या खोलीने माना डोलावल्या.

हरीश खाली बघत म्हणाला, "काढा माझं नाव. बाकीची यादी तरी वाचेल."

"नाव काढलं तर ती माझी यादी नाही," सुमेधा म्हणाली. "यादी पडली तर मीही जाते."

संजीवची बायको उल्का यादीत पाचवी होती. ती मागून म्हणाली, "अरे संजीव, विरोधात हात केलास तर मीही पडते हं. मग एकशे एक मोदक तू वळ!"

सगळे हसले. संजीव हसला नाही. "म्हणजे चांगल्या सात नावांच्या आड एक नाव लपवायचं?"

प्रश्न खरा होता. तेव्हा प्रभाताई उठल्या आणि कीर्तनात गातात तशा मोकळ्या गळ्याने गायल्या:

"एकेक मणी तपासावा । तडा दिसता दाखवावा । मग विश्वास ठेवावा । अवघ्या माळेवरी ॥"

मग त्या म्हणाल्या, "संजीवराव, तडा दाखवलात, बरं केलंत. आता हरीशला उत्तर देऊ द्या. उत्तर मिळाल्याशिवाय मी घंटेला हात लावणार नाही."

हरीश हळूच बोलला. "बाळंतीण सोडून येणं मला जमलं नसतं, पुढंही जमणार नाही. पण किल्ली कुणाला तरी द्यायला हवी होती. ते चुकलंच." त्याने खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली आणि संजीवपुढे धरली. "ही तुझ्याकडे ठेव."

संजीवने हात पुढे केला नाही, तेव्हा हरीशने ती त्याच्यासमोरच्या टेबलावर ठेवली.

ताईंनी मला उचलले. मी वाजले, मित्रांनो, जीव ओतून वाजले. बाहेर चहा घेणारे आत आले. मी थांबले, दार लागले. हात वर होऊ लागले. पुढच्या रांगेतले वळून संजीवकडे बघत होते. त्याने डाव्या हाताने किल्ली उचलली आणि उजवा हात वर केला. त्याच्यामागून अर्ध्या खोलीचे हात वर झाले. आठही नावे मंजूर झाली.

सप्टेंबरात चतुर्थीच्या सकाळी फोन वाजला. हरीश पुन्हा अडकला होता. संजीव म्हणाला, "ग्रँड, किल्ली घेऊन मी निघालोय." इथे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात. साडेदहाला तो मूर्ती छातीशी धरून दारात उभा राहिला. रेवा ओरडली, "बाबा, ही इज व्हिजिबल!" दुपारी हरीश जुळ्यांची बातमी घेऊन आला. संजीवने आरतीचे ताट त्याच्या हातात दिले आणि मला स्वतः उचलले.

मित्रांनो, तुमच्यापुढेही कधी नावांची यादी येईल. तेव्हा प्रत्येक नाव वाचा, शंका असेल तर उभे राहून विचारा, आणि हात वर केलात तर एखादी किल्लीही सांभाळा. माझे म्हणाल, तर मला एवढेच द्या: वर्षातून दोनदा चिंच, आणि प्रेसबाहेर एक जागा. हाक मारायचे काम माझे. ते मी चोख करीन.