पंचबोलावरची हाक

तिकीट लागतं तिथं जायचं नाही, हा माझ्या बाबांचा सहलीचा एकमेव नियम होता. दरवर्षी दिवाळी झाली की ते आम्हाला नांदगाव खंडेश्वरहून एसटीनं चिखलदऱ्याला न्यायचे, आणि त्या अख्ख्या डोंगरावर फुकट काय काय मिळतं ते त्यांना तोंडपाठ होतं. देवी पॉइंटला खडकातून झिरपणारं पाणी फुकट, भीमकुंडाची दरी फुकट, गाविलगडाच्या तोफेवर चढून बसणं फुकट. घोड्यावर बसायला पैसे पडत, म्हणून आम्ही नुसते घोडे बघायचो आणि त्यांचं बारसं करायचो. श्यामदादानं एका मरतुकड्या घोड्याला आमच्या गणिताच्या मास्तरांचं नाव दिलं होतं, तेव्हा बाबा रागावायचे सोडून पोट धरून हसले होते.

सगळ्यात शेवटी पंचबोल. तिथं डोंगर असे उभे आहेत की दरीकडे तोंड करून ओरडलं की आवाज पाच वेळा परत येतो. बाबा कठड्याशी उभे राहत आणि आधी श्यामच्या, मग आरतीच्या, म्हणजे माझ्या, नावानं हाक मारत. त्यांनी बांधावरून हाक दिली की चार वावरं पलीकडचा गडी मान वर करायचा, असा तो आवाज. दरी आमची नावं म्हणून थकली की आम्ही 'ओ' द्यायची. ज्यानं ओ दिली नाही, त्याला परतीच्या एसटीत खिडकी नाही.

माय मात्र मागे, डब्यांच्या पिशवीजवळ. तिनं कधी हाक मारली नाही आणि तिलाही कुणी मारली नाही. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि त्यांच्या पिढीतला नवराही चारचौघांत बायकोचं घेत नाही. बाबांसाठी ती 'अवं' होती, फार झालं तर 'श्यामची माय'. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच त्यांचं नाव तिच्या तोंडून निघालेलं.

यंदा पावसाळ्यात बाबांचा आवाज बसला आणि पुन्हा उठलाच नाही. घशात गाठ निघाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा, दुसरं काय! मला त्या खर्ऱ्याचा राग आहे, तो घोटून देणाऱ्या टपरीचा आहे आणि बाबांचाही आहे. आजारी माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावलेली आहे. अमरावतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल.

त्या दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं की माय मला कोपर मारायची आणि नाव मी सांगायचे. एकदा मी औषधं आणायला खाली गेले. परत येऊन बघते तर आमचा नंबर निघून गेलेला. नर्सनं नाव विचारलं, माय गप्प बसून राहिली, बाबांचा आवाज तिच्यापर्यंत पोचेना, आणि नर्सनं पुढच्या पेशंटला आत घेतलं. मी भडकले.

"माय, त्यायचा जीव चालला अन् तुले नाव घ्याची लाज वाटते?"

"लाज नाई वं," माय म्हणाली. "जीभच उचलत नाई."

आणि बाबांनी ऑपरेशनला सरळ नाही म्हटलं. वावरातला गडी, गोठ्यातली ढोरं, घरातली आम्ही, सगळी त्यांच्या हाकेवर चालणारी. "हाक मारता येत नाई तो माणूस घरात कायले पाह्यजे?" एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. दादानं समजावलं. मी अकोल्याहून, जठारपेठेतल्या माझ्या घरून, रोज फोनवर भांडले. शेवटी ते दादाला म्हणाले, "पंचबोलावर न्या मले एकडाव. माहा आवाज वापस येते का आयकतो. मंग पाहू."

'मंग पाहू' म्हणजे हो नव्हे, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्याहून जास्त काही मिळत नव्हतं. दवाखान्यानं तारीख देऊन ठेवली होती, आणि तिच्या आदल्या रविवारी आम्ही निघालो.

दादानं मित्राची गाडी आणली होती. मी माझ्या लेकीला, अपेक्षाला, घेऊन आदल्या दिवशीच नांदगावला आले होते. मायनं पहाटे उठून गोवऱ्यांवर रोडगे भाजले आणि वांग्याची भाजी केली. बाबांच्या वाटचा रोडगा मात्र तिनं वरणात कुस्करून वेगळ्या डब्यात भरला. परतवाडा सोडून घाट लागला तसा दादानं मोबाईल काढून बाबांसमोर धरला. "बाबा, काहीबी बोला. आमच्याजोळ राहीन." बाबांनी मोबाईल हातानं बाजूला केला आणि खिडकीबाहेर बघत बसले. अपेक्षानं घोडे दिसताच त्यांना नावं द्यायला सुरुवात केली, पण हसायला कुणी तयार नव्हतं.

पंचबोलावर गर्दी होती. काही पोट्टे शिट्ट्या मारत होते. ते जाईपर्यंत बाबा थांबले. मग गळ्याभोवतीचा रुमाल सोडून खिशात ठेवला, कठड्याला दोन्ही हात टेकले आणि छाती भरून घेतली.

"शाऽम!"

कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. आम्ही सगळे दरीकडे कान लावून उभे. काहीच परत आलं नाही. बाबांनी पुन्हा श्वास घेतला. मानेच्या शिरा टरारून आल्या. "आर..." एवढंच निघालं आणि त्यांना खोकला सुटला. दरी गप्पच. मी ओ दिली, दादानंही दिली, पण ती आमची आम्हालाच खोटी वाटली. बाबांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी रुमाल काढून पुन्हा गळ्याला गुंडाळला.

"चाला," ते म्हणाले. "झालं. दवाखान्यात नाई जात मी."

मला बाबांच्या दंडाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं, आणि गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मी यातलं काहीच केलं नाही. अपेक्षानं माझा हात घट्ट धरला होता.

तेव्हा माय उठली. पिशवी तिथंच ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कठड्याशी, बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्या जागी मी तिला कधीच पाहिली नव्हती. तिचे ओठ हलले, पण आवाज नाही. पुन्हा हलले. तिनं डोळे मिटून घेतले.

"वामनराऽऽव!"

इतका मोठा आवाज माझ्या मायजवळ आहे हे मला माहीत नव्हतं. समोरच्या डोंगरानं तो झेलला, शेजारच्यानं उचलला, आणि बाबांचं नाव दरीभर फिरत फिरत पाच वेळा आमच्यापर्यंत आलं. इतक्या वर्षांत त्या दरीत आमची नावं घुमली होती, बाबांचं एकदाही नाही. त्यांच्या नावानं हाक मारणारं तिथं कुणी नव्हतंच.

बाबा कठड्याला धरून तसेच उभे होते. माय त्यांच्याकडे वळली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"ओ द्या ना," ती म्हणाली. "तुमाले बलावून राहिली मी."

बाबांनी तोंड उघडलं. हवा तेवढी निघाली.

"नाई निघत तं हात वर करा. मले दिसते. हाक मी मारत जाईन, ढोरायले, गड्यायले, पोरायले, सगळ्यायले. तुमी फक्त ओ द्याची. मेल्या माणसाले ओ देता येत नाई, आयकलं?"

मायला इतकं बोलताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. बाबांनी कठड्यावरचा उजवा हात सोडला आणि हळूहळू वर केला, शाळेतलं पोरगं हजेरीला करतं तसा. आणि तिच्याकडे वाकून, उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले, "कौशल्या."

दरीपर्यंत ते पोचलं नाही. मायनं पदरानं तोंड पुसलं.

"ओ," ती म्हणाली. "चाला आता, जेऊन घ्या."

ऑपरेशनच्या सकाळी बाबांना स्ट्रेचरवर घेतलं. दाराशी हातात कागद घेऊन नर्स उभी होती, तीच, नंबर घालवणारी. "पेशंटचं नाव?" तिनं विचारलं. सवयीनं मी पुढे झाले. पण मायनं मला कोपरानं मागे सारलं आणि बाबांचं नाव असं घेतलं, की व्हरांड्यातल्या सगळ्या माना वळल्या.

नर्स दचकली. "अहो मावशी, हळू. ऐकू येतं मला."

माय तिच्याकडे बघतच नव्हती. स्ट्रेचर आत चाललं होतं, आणि दार लागायच्या आधी बाबांनी हात वर केला.