चतुराची पहिली कॅसेट

चतुरा पगारे नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आवाज इतका जाड, की ट्रंक कॉल मागणारे तिला बिनदिक्कत "साहेब" म्हणत. रविवारी ती ऑर्केस्ट्रात गायची. १९८६च्या एप्रिलात ऑर्केस्ट्राच्या लहानू मास्तरांनी तिची कॅसेट काढायचं मनावर घेतलं. आठ गाणी, सगळी मराठी, सगळी डिस्कोच्या ठेक्यावर.

स्टुडिओ म्हणजे नाशिकरोडच्या एका घराची मागची खोली. भिंतींना गाद्या बांधलेल्या आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद. चतुराची आई भिमाबाई सोबत आली होती. "उड्या मारायची गाणी ही," असं पुटपुटत ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली.

पहिलंच गाणं मास्तरांनी काळी पाचच्या उंच पट्टीत बसवलं होतं. बाईचा आवाज कसा पातळ, गोड हवा, असं त्यांचं मत. चतुराने चार वेळा गाऊन पाहिलं. चारही वेळा वरच्या सुरावर आवाज फाटला. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला.

"मास्तर, काळी एकमध्ये घ्या."

"अगं, पुरुष गातोय असं वाटेल."

"वाटू द्या. माझाच आवाज आहे, कुणाचा मागून आणलेला नाही."

मास्तर कॅसिओवाल्याला म्हणाले, "घे खाली. पण एकदाच हं."

या वेळी चतुरा डोळे मिटून गायली. आवाज पोटातून आला आणि सहज सगळीकडे फिरला. दुसऱ्या कडव्याला मध्येच छन् छन् ऐकू यायला लागलं. भिमाबाई ठेक्यावर टाळ्या देत होती आणि हातातल्या बांगड्या वाजत होत्या.

गाणं संपल्यावर ती वरमली. "चुकलं बाबा. हात ऐकेनात."

मास्तरांनी टेप मागे फिरवून ऐकली. पुन्हा एकदा ऐकली. "भिमाबाई," ते म्हणाले, "उरलेल्या सात गाण्यांनाही इथेच बसा. अशाच वाजवा."

दिवाळीच्या आधी कॅसेट बाजारात आली. फार खपली नाही. मालेगावच्या रिक्षांत मात्र वाजते, असं लोक सांगत. डिसेंबरात इगतपुरीला मावसबहिणीच्या हळदीला कुणीतरी तीच लावली आणि बायका अंगणात उतरल्या.

"चतुरा, तू गा ना सोबत!" नवरी ओरडली.

"आज नाही गात," म्हणत चतुराने पदर खोचला. "स्टेजवर माईक धरून उभी असते मी. नाचायला कधी मिळालंच नाही."

कॅसेटच्या दोन्ही बाजू संपेपर्यंत ती नाचली.